दर अपडेटनंतर ब्राउझर बिघडतो: बंद काय करायचं आणि काय नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचं कर सल्लागाराचं ऑफिस, चार कॉम्प्युटर, त्यातल्या एकावर अजून विंडोज १०. अपडेट झालं की क्रोमऐवजी मायक्रोसॉफ्टचा एज उघडतो, सर्चचं पान भलतंच येतं, डिजिटल सही अडते आणि कोपऱ्यात 'तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, अपडेट करा' अशा पट्ट्या झळकत राहतात. विंडोज अपडेट कायमचं बंद करणारं फुकट सॉफ्टवेअर कुणीतरी सुचवलंय. ते टाकावं का?

टाकू नका. या चारही तक्रारी तुम्ही 'अपडेट'च्या खात्यावर टाकल्या आहेत, पण त्यांचे धनी वेगवेगळे आहेत. पहिली विंडोजची. दुसरी बहुतेक वेळा तिसऱ्याच कुठल्यातरी कंपनीच्या प्रोग्रामची. तिसरी ब्राउझरची. चौथी तर अपडेटच नव्हे, ती सरळ फसवणूक आहे. विंडोज अपडेट बंद केलंत तर यातली फार तर पहिली थोडी कमी होईल. बाकीच्या तीन जागच्या जागी राहतील आणि वर मशीन उघडं पडेल.

पण तुमची चीड रास्त आहे, हे आधी मान्य करतो. लोक अपडेटला घाबरतात ते अडाणी आहेत म्हणून नाही. कंपन्यांनीच त्यांना घाबरायला शिकवलंय. २००८ च्या मार्चमध्ये ॲपलने विंडोजवरच्या आपल्या अपडेट प्रोग्राममधून सफारी ब्राउझर पुढे केला, तोही आधीच खूण करून. ज्यांनी फक्त गाणी ऐकायला आयट्यून्स टाकलं होतं त्यांच्याकडेसुद्धा. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख जॉन लिली यांनी यावर जाहीर टीका केली होती. त्यांचा मुद्दा नेमका होता: सुरक्षेच्या अपडेटच्या रांगेत नवा माल घुसवला की लोकांचा अपडेटवरचाच विश्वास उडतो.

पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने यावर कडी केली. फेब्रुवारी २००९ मध्ये डॉटनेट ३.५ (विंडोजवरचे अनेक प्रोग्राम ज्यावर चालतात तो मायक्रोसॉफ्टचा पाया) चा सर्व्हिस पॅक विंडोज अपडेटमधून आला आणि त्याने न विचारता फायरफॉक्समध्ये आपलं एक एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्राम, बसवलं. ते कॉम्प्युटरच्या पातळीवर बसवलेलं असल्यामुळे फायरफॉक्समधलं 'अनइन्स्टॉल'चं बटण फिकं पडलेलं, म्हणजे दाबताच येत नव्हतं. काढायचं तर रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, हात घालावा लागे. काही महिन्यांनी काढण्याची सोय दिली, पण ऑक्टोबर २००९ मध्ये कळलं की डॉटनेटबरोबर फायरफॉक्समध्ये शिरलेल्या प्लगइनमधूनही हल्ला होऊ शकतो. तेव्हा मोझिलाने एक्स्टेन्शन आणि प्लगइन दोन्ही आपल्या बाजूने अडवून टाकली. दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये न विचारता घातलेली वस्तू आणि तिच्याच वाटेने आलेलं भोक!

जावाचं प्रकरण तर आपल्या ऑफिसांनी वर्षानुवर्षं सोसलं. ई-टेंडर असो की कंपनी खात्याचं फायलिंग, डिजिटल सहीसाठी जावा नावाचं सॉफ्टवेअर हवंच असायचं. जावात भोकं सापडायची, म्हणून अपडेट तातडीचं असायचं. आणि त्या तातडीच्या अपडेटला आस्क टूलबार (ब्राउझरवर बसणारी सर्चची पट्टी) चिकटलेला असायचा, खूण आधीच केलेली. कुणी घाईत 'नेक्स्ट, नेक्स्ट' केलं की टूलबार ब्राउझरमध्ये. २०१३ मध्ये उघड झालं की तो लगेच बसतही नव्हता, दहा मिनिटं थांबून बसत होता. म्हणजे तुम्ही लगेच शोधायला गेलात तर काही सापडू नये. एकेकाळी रेशनच्या दुकानात साखरेबरोबर चहाची पुडी गळ्यात मारायचे, तसलाच हा धंदा. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्यांना नको असलेलं सॉफ्टवेअर ठरवलं. मात्र त्याच मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केलं, की ऑफिस ३६५ प्रोप्लस वापरणाऱ्या कंपन्यांच्या क्रोममध्ये बिंग सर्चचं एक्स्टेन्शन आपोआप बसेल. कंपन्यांच्या सिस्टिम सांभाळणाऱ्यांनी गदारोळ केला, तेव्हा महिन्याभरात माघार घेतली.

इतकं सांगण्याचं कारण असं की 'अपडेट म्हणजे कटकट' या भावनेत तथ्य आहे. पण कटकट आहे ती अपडेटला चिकटवलेल्या मालाची. आतलं औषध खरं असतं. सप्टेंबर २०२३ चं उदाहरण घ्या. वेबपी नावाचा चित्रांचा प्रकार उघडणाऱ्या कोडमध्ये गंभीर चूक सापडली आणि तिचा वापर करून प्रत्यक्ष हल्ले चालू होते. नुसतं चित्र असलेलं पान उघडणंही धोक्याचं. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. ज्यांनी अपडेट बंद केलं होतं त्यांना ती पोचली नाही. ज्या कॉम्प्युटरवर अशीलांचे पॅन, बँक खाती आणि पोर्टलचे पासवर्ड पडलेले असतात, त्याचा ब्राउझर जुना ठेवणं मला कधीच पटलेलं नाही.

आता एकेक तक्रार.

क्रोमऐवजी एज उघडतो. ही कुरबूर जुनी. विंडोज १० आलं त्याच आठवड्यात, जुलै २०१५ मध्ये, मोझिलाचे तेव्हाचे प्रमुख ख्रिस बिअर्ड यांनी मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांना उघड पत्र लिहिलं होतं: अपग्रेड करताना लोकांनी निवडलेला ब्राउझर बदलला जातो. आतली यंत्रणा समजून घ्या, कारण तिथेच तुमच्या त्रासाचं मूळ असू शकतं. तुम्ही निवडलेला ब्राउझर विंडोज रजिस्ट्रीत लिहून ठेवतं आणि सोबत एक गुप्त ताळा ठेवतं. दुसऱ्या प्रोग्रामने ती नोंद परस्पर बदलली की ताळा जुळत नाही. मग विंडोज म्हणतं, 'एका ॲपमुळे डिफॉल्टमध्ये अडचण आली, म्हणून एज पूर्ववत केला.' २०२४ मध्ये यावर आणखी एक पहारेकरी ड्रायव्हर बसला, जो या नोंदीला परस्पर हात लावूच देत नाही. म्हणून 'एका क्लिकमध्ये डिफॉल्ट बदला' छापाची जुनी साधनं, रजिस्ट्री साफ करणारे क्लीनर वगैरे ऑफिसात असतील तर ते आधी काढा. मी पाहिलेल्या बऱ्याच मशिन्सवर दोष अपडेटच्या माथी मारला जात होता आणि रोज सकाळी डिफॉल्ट बिघडवत होता क्लीनर.

मग सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात डिफॉल्ट ॲप्स, तिथे क्रोम निवडून वरचं 'सेट डिफॉल्ट' दाबा. पीडीएफ वेगळं तपासा. ब्राउझर बदलला तरी पीडीएफ एजकडेच राहतं आणि कर सल्लागाराच्या ऑफिसात दिवसभर पीडीएफच उघडत असतात, त्यामुळे 'परत एज आला' असं वाटतं. अजून एक: स्टार्टच्या शोधपट्टीत काही टाइप करून वेबवरचा निकाल दाबलात तर तो एजमध्येच उघडणार, डिफॉल्ट काहीही असो. युरोपात डिजिटल मार्केट्स कायद्यामुळे मायक्रोसॉफ्टला यात नमतं घ्यावं लागलं. आपल्याकडे ती सवलत नाही.

अपडेटनंतर येणारा तो पूर्ण स्क्रीन अडवणारा निळा पडदाही बंद करता येतो. 'चला, तुमचा पीसी सेट करू या' म्हणत तो हळूच एजची 'शिफारस' पुढे करतो आणि घाईत माणूस होकार देऊन मोकळा होतो. सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स, तिथे अगदी खाली 'ॲडिशनल सेटिंग्ज'. त्यातल्या तिन्ही खुणा काढा. दोन मिनिटांचं काम आहे आणि निम्मी चिडचिड त्याने जाते. एजच्या सेटिंग्जमध्ये दुसऱ्या ब्राउझरमधला डेटा दरवेळी आयात करण्याचा पर्याय आहे, तोही बंद असल्याची खात्री करा.

सर्चचं पान बदलतं. हे विंडोज अपडेटमुळे सहसा होत नाही. योगायोगाने त्याच दिवशी दिसतं, कारण अपडेटनंतर कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि टपून बसलेले प्रोग्राम तेव्हा जागे होतात. आधी क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेनूत अगदी तळाशी पाहा. 'तुमच्या संस्थेद्वारे व्यवस्थापित' अशा अर्थाची ओळ दिसते का? कंपनीच्या किंवा कॉलेजच्या खात्याने साइन इन केलेलं असेल तर ती असणारच. अँटीव्हायरसमुळेही कधी येते. यापैकी काहीच नसताना चार मशिन्सच्या खासगी ऑफिसात ती ओळ दिसली, तर कुणीतरी परस्पर धोरण लादलंय. ॲड्रेस बारमध्ये क्रोम, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी हे इंग्रजीत टाइप केलंत की काय लादलंय त्याची यादीच समोर येते. त्यात एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्याचं धोरण सापडलं तर समजा की ते एक्स्टेन्शन नेहमीच्या रस्त्याने निघणार नाही. ते ज्या प्रोग्रामने आणलं तो आधी कंट्रोल पॅनलमधून काढायचा आणि मग रजिस्ट्रीत 'सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गुगल, क्रोम' या कप्प्यातली ती नोंद. रजिस्ट्रीची सवय नसेल तर इथे जाणत्या माणसाला बोलवा.

धोरण वगैरे काही नसेल तर डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'टार्गेट'चा रकाना. ओळ क्रोमच्या फाइलच्या नावावर संपते का पाहा. त्यापुढे एखादी वेबसाइट चिकटवलेली असेल तर तुम्ही ब्राउझर कितीही वेळा रीसेट करा, ते पान येतच राहणार. ही युक्ती जुनी आहे, पण अजून चालते, कारण तिथे कुणी बघत नाही.

तिसरा संशयित अँटीव्हायरस. 'सुरक्षित सर्च', 'सुरक्षित शॉपिंग' अशी एक्स्टेन्शन्स ते स्वतःच्या अपडेटबरोबर आणतात. ती काढली तरी अँटीव्हायरस काम करतच राहतो. माझा तर अनुभव असा, की छोट्या ऑफिसला विंडोजमधला डिफेंडर पुरतो, पण यावर आमच्या व्यवसायात एकमत नाही. अँटीव्हायरसचं आणखी एक प्रकरण लक्षात ठेवा. सुरक्षित जोडणीच्या आत डोकावण्यासाठी काही अँटीव्हायरस स्वतःचं सर्टिफिकेट मध्ये घालतात. जानेवारी २०१९ च्या शेवटी फायरफॉक्स ६५ आल्यावर लोकांना सगळ्याच साइटींवर सर्टिफिकेटची चूक दिसू लागली. मूळ होतं अवास्ट आणि एव्हीजीच्या त्या डोकावण्यात, पण लोकांनी शिव्या घातल्या फायरफॉक्सला. मोझिलाला विंडोजवरचं ते अपडेट काही काळ थांबवावं लागलं होतं.

डिजिटल सही. इथे खरोखरच ब्राउझर बदलतो आणि इथेच तुमच्या वडिलांचा सगळ्यात जास्त वेळ जातो. ब्राउझरला तुमच्या यूएसबी टोकनपर्यंत (सही साठवलेला, पेनड्राइव्हसारखा तुकडा) पोचायचं कसं, हा जुनाच प्रश्न आहे. आधी जावा ॲपलेट, म्हणजे ब्राउझरच्या आत चालणारे छोटे जावा प्रोग्राम, होते. क्रोमने तो जुना प्लगइनचा रस्ता सप्टेंबर २०१५ मध्ये ४५ व्या आवृत्तीत बंद केला, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये ५२ व्या. मग सगळी ऑफिसं इंटरनेट एक्स्प्लोररला धरून बसली. त्याचा आधार जून २०२२ मध्ये संपला आणि १४ फेब्रुवारी २०२३ ला एजच्या एका अपडेटने तो विंडोज १० वर कायमचा बंदच केला. तेव्हा किती फोन आले असतील, कल्पना करा. एजमधला 'आयई मोड', म्हणजे एक्स्प्लोररसारखं वागण्याची सोय, अजून आहे. एखादी जुनी साइट हट्टाने तेच मागत असेल तर तो वापरा, मूळ एक्स्प्लोरर परत आणण्याच्या युक्त्या करू नका.

आता बहुतेक ठिकाणी पद्धत वेगळी आहे. जीएसटी पोर्टलसाठी आपण एमसायनर टाकतो, तो तुमच्याच कॉम्प्युटरवर एक छोटी सेवा चालवतो. पोर्टलचं पान त्या सेवेशी १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे तुमच्या स्वतःच्याच मशीनवर, पोर्ट (दाराचा क्रमांक) १५८५ वर बोलतं. आधारच्या बोटाच्या ठशाच्या यंत्रांची आरडी सर्व्हिसही याच तऱ्हेने चालते, त्यामुळे आपले सरकार सेवा केंद्रवाल्यांनाही हा भाग लागू आहे. ही पद्धत चालते, पण ब्राउझरच्या दृष्टीने संशयास्पद आहे. बाहेरची वेबसाइट तुमच्या मशीनच्या आतल्या सेवेशी का बोलतेय? चोरही हेच करतात. म्हणून ब्राउझर हे दार हळूहळू आवळत आहेत. ऑक्टोबर २०२५ मधल्या क्रोम १४२ पासून एखाद्या साइटला स्थानिक नेटवर्कवर किंवा याच मशीनवर जोडणी करायची असेल तर क्रोम आधी परवानगी विचारू लागला. ऑफिसात कुणीतरी ती खिडकी न वाचता 'ब्लॉक' दाबतं आणि त्यानंतर ती साइट काही विचारतही नाही, जोडतही नाही.

म्हणून सही अडली की क्रम असा ठेवा. आधी सहीची सेवा चालू आहे का ते घड्याळाजवळच्या आयकॉनमध्ये पाहा. नसेल तर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालू करा. मग पोर्टल उघडून ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक करा आणि त्या साइटच्या परवानग्यांमध्ये स्थानिक नेटवर्कची परवानगी अडवलेली नाही ना ते तपासा. मग १२७.०.०.१ चा पत्ता पोर्टसकट वेगळ्या टॅबमध्ये उघडून सर्टिफिकेटचा इशारा स्वीकारा. हा इशारा तुमच्याच मशीनचा आहे म्हणून स्वीकारायचा, बाकी कुठेही असला इशारा दिसला तर मागे फिरायचं. सगळ्यात शेवटी टोकनचा ड्रायव्हर. लोक उलट्या टोकाने सुरुवात करतात, ड्रायव्हर काढून-घालून दमतात आणि मग विंडोजला शिव्या देतात.

यावर माझा ठरलेला उपाय म्हणजे सहीसाठी दुसरा ब्राउझर. फायरफॉक्सची 'ईएसआर' नावाची आवृत्ती मिळते. तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या वेळेवर येतात, पण वागणूक साधारण वर्षातून एकदाच बदलते. क्रोमने आपला मोठा बदलांचा फेरा २०२१ मध्ये चार आठवड्यांवर आणला, २०२३ पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या दर आठवड्याला येतात. इतका वेग सरकारी पोर्टलना झेपत नाही, हे उघड आहे. रोजचं काम क्रोममध्ये, सही ईएसआरमध्ये. तिथे एकही एक्स्टेन्शन घालू नका, बातम्या वाचू नका, मेल उघडू नका. पोर्टल एकात अडलं तर दुसरा हाताशी असतो, आणि दोष पोर्टलचा की ब्राउझरचा हेही लगेच कळतं.

कोपऱ्यातल्या पट्ट्या. खरा क्रोम कधीही वेबपानात किंवा कोपऱ्यातल्या पट्टीत अपडेट मागत नाही. तो वरती उजवीकडे तीन ठिपक्यांजवळ सांगतो, एवढंच. तुम्हाला दिसतंय ते कुठल्यातरी साइटला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीचं फळ. क्रोम सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. अनोळखी नावं सगळी काढा आणि नव्या साइटींनी विचारूच नये असं करून टाका. ऑफिसात त्याविना काही अडत नाही. त्या पट्टीवर कुणी क्लिक करून काही डाउनलोड केलं असेल तर मात्र प्रकरण वेगळं. ते मशीन नेटवरून तोडा, डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा आणि पोर्टलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि अपडेट बंद करण्याची इच्छा खरं तर इथून येते. मायक्रोसॉफ्टचं मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणून दणका बुधवारी सकाळी जाणवतो. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच पडणार, आणि जीएसटीआर-१ या मासिक जीएसटी विवरणपत्राची तारीख ११. टक्कर व्हायचीच. त्यासाठी अपडेट कायमचं मारायची गरज नाही. विंडोज ११ मध्ये अपडेट आठवड्याआठवड्याने, जास्तीत जास्त पाच आठवडे थांबवता येतं. ७ तारखेला थांबवा. २० तारखेला जीएसटीआर-३बी भरून झाली की २१ ला चालू करा आणि त्या संध्याकाळी चारही मशिन्स अपडेट होऊन रीस्टार्ट होऊ द्या. विंडोजच्या बाबतीत हा उशीर छोट्या ऑफिसला चालण्यासारखा आहे. तेवढ्यात एखादं अपडेट नासकं निघालं तर त्याचा बोभाटाही झालेला असतो. ब्राउझरला मात्र हा नियम लावू नका. तो रोज संध्याकाळी पूर्ण बंद करा, म्हणजे आलेली दुरुस्ती सकाळी लागू झालेली असते. विंडोज अपडेटच्या पानावर 'नवीन अपडेट्स मिळताच द्या' असं एक बटण आहे, ते बंदच ठेवा. ते चालू असलं की महिनाअखेरची ऐच्छिक, पुरती न मुरलेली अपडेट्सही तुमच्याकडे आधी येतात.

ते अपडेट-मारू सॉफ्टवेअर एखाद्या मशीनवर आधीच बसलं असेल तर काढल्यावर 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन विंडोज अपडेटची सेवा 'डिसेबल्ड' वरून 'मॅन्युअल'वर आणा. ही साधनं जाताना ती पूर्ववत करतातच असं नाही, आणि ती बंद राहिली की डिफेंडरच्या व्याख्यांचा, म्हणजे नवे व्हायरस ओळखण्याच्या याद्यांचा, नेहमीचा रस्ताही अडतो.

आणि ते विंडोज १० चं मशीन. त्याचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नाव नोंदवून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत घेतली आहे का, ते विंडोज अपडेटच्या पानावर दिसेल. घेतली नसेल तर क्रोम त्यावर अपडेट होतोय याने फसू नका, खालचं विंडोज तसंच जुनं आहे. ते मशीन टॅली आणि प्रिंटरपुरतं ठेवा. टोकन आणि पोर्टलचं काम आजच बाकीच्या तिघांपैकी एकावर हलवा.